मामिया आरबी६७ चा संच जमवताना: लेन्स, बॅक आणि शटरच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

काम दोन प्रकारचं आहे: व्यक्तिचित्रं, आणि जुने वाडे-बारवा. दोन्ही कृष्णधवल, १२० फिल्मवर, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर रुंद रोलवर. आधी कॅमेरा कुठला ते ठरवलं, कारण मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यांत, कॅमेरा ठरला की लेन्सचं अर्धं काम आपोआप ठरतं.

हॅसलब्लाड ५००सी/एम हलका आणि देखणा, पण चौकट चौरस, आणि झाइसच्या एका लेन्सवरच बजेट संपतं. पेंटॅक्स ६७ चं शटर फोकल प्लेन आहे, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढे बसलेला पडदा. त्यात फ्लॅश १/३० च्या वर चालत नाही आणि ६ व्होल्टच्या सेलशिवाय कॅमेरा हलत नाही. याशिका मॅट १२४जी शिकायला उत्तम, पण ८० मिमीची एकच लेन्स, तीही पक्की बसवलेली.

घेतोय तो मामिया आरबी६७ प्रो-एस. हे मॉडेल १९७४ चं, पूर्ण यांत्रिक, सेल लागतच नाही. शटर प्रत्येक लेन्सच्या पोटात असल्यामुळे फ्लॅश १/४०० पर्यंत कुठल्याही वेगाला चालतो. निगेटिव्ह साधारण ५६ × ६९.५ मिमी, एका रोलवर १० फोटो. मागची बॅक, म्हणजे फिल्म धरणारा डबा, फिरते, त्यामुळे उभ्या फोटोसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा पाडावा लागत नाही. तोटा वजनाचा: बॉडी, बॅक आणि ९० ची लेन्स मिळून पावणेतीन किलोच्या आसपास.

लेन्सच्या तीन पिढ्या बाजारात दिसतात. नुसतं ‘सेकॉर’ लिहिलेली सर्वांत जुनी, एकेरी कोटिंगची. ‘सेकॉर सी’ बहुपदरी कोटिंगची, समोरून येणारा उजेड जास्त चांगला सोसणारी. ‘के/एल’ सर्वांत नवी आणि महाग. बारवेत काळोखातून वर उन्हाकडे पाहत फोटो काढायचे आहेत, म्हणून ‘सी’ च्या खाली उतरायचं नाही एवढं पक्कं केलं.

९ नोव्हेंबर

कुठल्या मिलिमीटरची लेन्स घ्यायची हे एकही लेन्स न घेता ठरवता येतं. पुठ्ठ्यात निगेटिव्हच्या मापाची, ५६ × ७० मिमीची खिडकी कापायची आणि ती डोळ्यापासून लेन्सच्या फोकल लांबीइतकी दूर धरायची. ९० ची लेन्स म्हणजे ९० मिमीवर, १८० ची म्हणजे १८० मिमीवर. खिडकीतून जे दिसतं तेच निगेटिव्हवर येणार.

पहिला पुठ्ठा वाया गेला. ५० मिमीची लेन्स तपासताना खिडकी डोळ्याच्या इतकी जवळ येते की पापण्या लागतात आणि कडा धूसर होतात. मग सगळी मापं दुप्पट केली: खिडकी ११२ × १४० मिमी, आणि ५० साठी अंतर १०० मिमी, ६५ साठी १३०, ९० साठी १८०, १२७ साठी २५४, १८० साठी ३६०. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला दोरी बांधून तिला या अंतरांवर गाठी मारल्या. गाठ गालाच्या हाडाशी धरायची, दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा. पुठ्ठा आतून काळा रंगवला तर कडा जास्त स्पष्ट दिसतात.

हा पुठ्ठा घेऊन एका वाड्याच्या चौकात आणि देवडीत दोन तास फिरलो. ६५ वर बराच भरवसा होता, कारण लोक त्याची फार शिफारस करतात. पण जागेवर हिशोब वेगळा निघाला. भिंत ५ मीटरवर असेल तर ६५ ची लेन्स सुमारे ५.३ मीटर रुंदी पकडते, ५० ची जवळजवळ ७ मीटर. चौकात मागे सरकायला जागा नसते, आणि देवडीच्या दोन्ही बाजू ६५ मध्ये प्रत्येक वेळी कापल्या गेल्या. उलट ९० च्या खिडकीतून दरवाजे, खांब, तुळ्यांवरचं कोरीव काम नेमकं बसत होतं.

निर्णय: ९० आधी, कारण ती दोन्ही कामांना चालते. मग चेहऱ्यांसाठी १२७ किंवा १८०, प्रत्यक्ष ताडून. सर्वांत शेवटी ५०. ६५ रद्द.

२४ नोव्हेंबर

जपानहून पार्सल आलं: प्रो-एस बॉडी, वरून बघायचा फाइंडर, एक १२० ची बॅक, ९० मिमी एफ/३.८ सी (एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा; आकडा लहान तितकं भोक मोठं). वाहतुकीसकट ४१,५०० रुपये. कस्टम्स, जीएसटी आणि कुरिअरची हाताळणी मिळून आणखी १६,२००. हा दुसरा आकडा आधीच धरून ठेवा, नाहीतर पुढच्या लेन्सचे पैसे इथेच जातात.

लेन्स बॉडीवर बसेना. जोर लावायचा नाही. आरबीमध्ये बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्या, म्हणजे स्प्रिंग ताणून चालायला तयार, असतील तरच जोडणी होते. लेन्सच्या मागच्या दोन पिना वाटेत सुटून फिरल्या होत्या. बोटांनी फिरवून खुणेवर आणल्या, बॉडीचा मोठा दांडा खाली दाबला, लेन्स बसली. या पिना वाकवल्या की दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीशी बरोबरी करतो.

पहिल्या तपासणीत दिसलेलं: बॅक ज्यावर फिरते त्या अडॅप्टरच्या खाचेतला, प्रकाश अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झालेला. बॅकच्या दाराच्या कडेचा फोम हात लावताच भुगा. आरसा वर जाऊन टेकतो तिथला फोमही तसाच. बेलोजच्या, म्हणजे लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या घड्यांच्या भात्याच्या, वरच्या उजव्या कोपऱ्यात घडीवर पांढरट ओरखडा. लेन्सची काच स्वच्छ. १ सेकंदाचं शटर कानाला लांब वाटतंय.

३० नोव्हेंबर

फोम काढला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉटन बड, आणि टोक चपटं केलेली बांबूची काडी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, खाचेतला काळा रंग निघतो आणि तिथून प्रकाश परावर्तित होतो. अल्कोहोल थेंबभरच घ्यायचं. जास्त झालं तर विरघळलेला फोम ओघळून आत जातो. काढायलाच साडेतीन तास लागले.

नवीन फोमच्या बाबतीत चूक झाली. स्टेशनरीच्या दुकानातली मागे गोंद असलेली काळी क्राफ्ट फोम शीट आणली, ३ मिमी जाडीची. दिसायला छान, पण हा फोम बंद पेशींचा असतो, दाबला जात नाही. अडॅप्टर फिरवायला दोन हात लागायला लागले आणि बॅकचं दार बंद होताना कुलपाची जीभ अर्धीच अडकत होती. शिवाय त्याचा पृष्ठभाग चकचकीत.

सगळं पुन्हा उपटलं. दुसऱ्या वेळी उघड्या पेशींचा मऊ काळा फोम: अडॅप्टरच्या खाचेत २ मिमी, दाराच्या कडेला १.५ मिमी, बिजागरीपाशी काळ्या मखमलीची पट्टी, आरशापाशी ३ मिमी. पट्टी चिकटवण्याआधी गोंदाच्या बाजूला जिभेचं ओलं बोट फिरवलं की ती काही सेकंद सरकवता येते. कोपऱ्यावर पट्टी वळवायची नाही, दोन तुकडे एकमेकांना भिडवायचे. वळवलेल्या जागी फोम वर उचलतो आणि नेमकी तिथूनच गळती होते.

८ डिसेंबर

बेलोज, म्हणजे भाता. रात्री खोली पूर्ण अंधारी केली, बेलोज शेवटपर्यंत बाहेर काढला, मागून आत छोटी एलईडी टॉर्च घातली आणि बाहेरून प्रत्येक घडी बघितली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्यावीच लागतात, त्याआधी काहीच दिसत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन छिद्रं, टाचणीच्या टोकापेक्षा लहान. डाव्या बाजूला एक अगदी पुसट ठिपका, बेलोज तिरका ताणला तरच दिसणारा.

पहिला उपाय: काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉल निम्मे-निम्मे, बारीक ब्रशने. छिद्रं बुजली. दोन दिवस बेलोज मिटलेला राहिला, आणि उघडताना घड्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. फेव्हिकॉल जास्त झालं की वाळल्यावरही दमट हवेत त्याचा चिकटपणा परत येतो. थर सोलताना तिसरं छिद्र मोठं झालं.

दुसरा उपाय चालला: कापडावर वापरायचा काळा फॅब्रिक कलर, पाणी न घालता, तीन अतिशय पातळ हात, प्रत्येक हातानंतर बेलोज उघडा ठेवून २४ तास. मोठ्या छिद्रावर आतल्या बाजूने पातळ रेशमी कापडाचा ८ मिमीचा तुकडा त्याच रंगात भिजवून लावला. चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. ती लावू नका. पावडर पुढे फिल्मवर आणि शटरच्या पात्यांत जाते.

गळती कुठून आहे हे निगेटिव्हच सांगते. काळेपणा चौकटीच्या बाहेर, फिल्मच्या कडेपर्यंत पसरला असेल तर दोष बॅकचा. चौकटीच्या आतच असेल आणि कडा स्वच्छ असतील तर तो बेलोजकडून किंवा लेन्सकडून आला, कारण फिल्मच्या खिडकीने बाकीचा भाग झाकला होता.

१४ डिसेंबर

शटर मोजणं. जुन्या लेन्सची निवड खरं तर इथे होते. काच किती धारदार यावर लोक तासन् तास बोलतात, पण शटर एका वेळी एक सेकंद आणि दुसऱ्या वेळी दोन सेकंद उघडं राहणार असेल तर त्या धारेचा उपयोग नाही.

साधन: बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड पडला की वीज देणारा छोटा भाग), ३.५ मिमीचा माइक जॅक, मीटरभर वायर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. डायोड काळ्या फिल्म-डबीच्या झाकणात बसवला, जॅक लॅपटॉपच्या माइकमध्ये लावला, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल्सने रेकॉर्डिंग. १/४०० म्हणजे २.५ मिलिसेकंद, म्हणजे १२० सॅम्पल्स. इतकी बारकाई पुरते.

कॅमेऱ्याची तयारी: बॅकमधला स्पूलचा सांगाडा बाहेर, दार उघडं, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारा पत्रा, बाहेर, मल्टिपल एक्स्पोजरचा खटका लावलेला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. डायोड फिल्मच्या जागी मध्यभागी.

पहिले दोन तास फुकट गेले, कारण प्रकाशासाठी घरातला एलईडी बल्ब वापरला. तो सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, आणि १/१२५ ची नोंद प्रत्येक वेळी वेगळी येत होती. शटरला दोष देऊन झाला, मग लक्षात आलं. सेलवरची टॉर्च पूर्ण तेजावर, किंवा सरळ सूर्यप्रकाश वापरा. दुसरी गंमत माइकच्या जोडणीची: ती एकसंध प्रकाश दाखवतच नाही, फक्त बदल दाखवते. त्यामुळे १/३० पेक्षा मंद वेगांना एक सलग डोंगर न दिसता दोन टोकं दिसतात, एक उघडताना आणि एक मिटताना. या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं.

प्रत्येक वेग दहा वेळा. ९० च्या लेन्सची सरासरी: १/४०० ला ३.६ मिलिसेकंद, म्हणजे खरं १/२७८, अर्धा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). १/२५० ला ४.६. १/१२५ ला ८.७. १/३० ला ३५. १/८ ला १५०. १ सेकंदाला सरासरी १.७ सेकंद, पण दहा नोंदी १.४ पासून २.१ पर्यंत विखुरलेल्या.

या आकड्यांत १/४०० ची चूक दुरुस्त करायची गरज नाही. जुन्या पात्यांच्या शटरला वरचा वेग क्वचितच गाठता येतो, आणि चूक दर वेळी तेवढीच असेल तर लेन्सच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून खरा वेग लिहून ठेवला की झालं. विखुरलेल्या नोंदींवर मात्र असला तोडगा नाही. १ सेकंदावर वीस वेळा चालवल्यावर शटर सुधारलं, १.१ वर आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १.९. हे मंद वेगांच्या दातेरी गाडीतलं वंगण वाळल्याचं लक्षण. त्यात बाहेरून डब्ल्यूडी-४० वगैरे काही फवारायचं नाही, ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकींना चिकटतात. लेन्स सर्व्हिसला दिली, ३,५०० रुपये, अकरा दिवस. परत आल्यावर १ सेकंद १.०४ ते १.०६ मध्ये, १/४०० ला ३.१ मिलिसेकंद.

२८ डिसेंबर

पहिला रोल कोरा. पूर्ण पारदर्शक, पण कडेचे नंबर स्पष्ट, म्हणजे धुण्यात दोष नव्हता.

कारण: १२० फिल्मच्या पाठीला असणारा कागद उलटा लावला. आरबीच्या बॅकमध्ये फिल्म सांगाड्याभोवती उलट्या बाजूने वळून जाते. कागदाची काळी बाजू बाहेर, लेन्सकडे दिसली पाहिजे. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत असते तशी सरळ ओढून नेली तर लेन्ससमोर कागद येतो आणि फिल्म त्याच्या मागे राहते. आता सांगाड्यावर पांढऱ्या रंगाने ‘काळं बाहेर’ लिहून ठेवलंय. कागदावरचा बाण खुणेवर आला की दार बंद करायचं, मग १ येईपर्यंत दांडा फिरवायचा.

या उलट्या वळणाचा आणखी एक परिणाम: फिल्म दोन-तीन दिवस एकाच जागी थांबली तर रोलरवर तिला बाक पडतो आणि पुढचा फोटो मध्यभागी धूसर येतो. म्हणून फोटो काढल्यावर लगेच फिल्म पुढे नेत नाही, पुढच्या फोटोच्या आधी नेतो.

फिल्म गुंडाळून घ्यायला लागणारा रिकामा स्पूल सोबत येत नाही, तो मागून घ्या. घरात जुना आग्फा क्लिक थ्री पडलेला असेल तर त्यातही १२० चाच स्पूल असतो.

चाचणीचे सगळे रोल फोमापॅन १०० चे, ६५० रुपयांना एक. महाग फिल्म चाचणीत घालवू नका.

५ जानेवारी २०२५

फोकस तपासणी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर मॅट चिकटपट्टी लावली आणि मॅट बाजू लेन्सकडे करून ती फिल्मच्या रुळांवर टेकवली. एक मीटरवर ४५ अंशांत वर्तमानपत्र, ९० ची लेन्स एफ/३.८ वर. वरच्या काचेवर, म्हणजे फोकसिंग स्क्रीनवर, जी ओळ धारदार, तीच मागे पट्टीवर धारदार हवी. इथे फरक निघाला: मागची धारदार ओळ १ सेंटिमीटर पुढची.

एक मीटरवरचा १ सेंटिमीटर म्हणजे फिल्मपाशी सुमारे ०.१ मिमी. एफ/३.८ ला फिल्मपाशी सूट जेमतेम ०.२ मिमी, त्यातली निम्मी इथेच गेली. फोकसिंग स्क्रीन काढून पाहिली तर एका कोपऱ्याखाली जुन्या फोमचा कण. कण काढला, फरक गेला. फोकस जुळवायला पातळ पत्रे घालण्याच्या किंवा आरशाचे स्क्रू फिरवण्याच्या आधी स्क्रीनची बैठक पुसून बघा.

१८ जानेवारी

मुंबई, फोर्टातला बोरा बाजार. १८० मिमी एफ/४.५ सी, १४,००० रुपये. १२७ मिमी एफ/३.८ सी, ६,५०० रुपये, बुरशी असल्याचं विक्रेत्याने आधीच सांगितलेलं.

दुकानात करायची तपासणी: टॉर्च मागून तिरकी धरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, समोरून बघायचं. समोरासमोर टॉर्च धरली तर चांगल्या लेन्समध्येही धूळ भयंकर दिसते आणि बुरशी मात्र लपते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून आत येणारी. वंगणाच्या वाफेचा थर एकसारखा धुरकट. काचांच्या जोडणीतला गोंद सुटला असेल तर कडेला इंद्रधनुषी किंवा दुधाळ डाग. वंगणाची वाफ जवळजवळ नेहमी पुसली जाते, बुरशी कधी कधी, गोंद सुटलेला दुरुस्त करणं सहसा परवडत नाही. धूळ विसरून जा.

मग १ सेकंद आणि १/८, पाच-पाच वेळा, फोनवर आवाज रेकॉर्ड करून. एवढं तिथल्या तिथे होतं. १८० चे १ सेकंदाचे पाचही आवाज एकसारखे निघाले. ती घ्यायचं कारण हेच.

२६ जानेवारी

१२७ ची बुरशी. पुढचा गट रबरी ठशाने फिरवून सुटला, मागचा स्पॅनरने. बुरशी मागच्या गटाच्या आतल्या पृष्ठभागावर. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया सारख्या भागात, कापसाच्या बोळ्याने एक मिनिट, मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल. खिडक्या उघड्या ठेवून. जाळं गेलं. पण तिरक्या प्रकाशात त्याच जाळ्याच्या रेषा कोटिंगमध्ये कोरलेल्या दिसतात. बुरशी कोटिंग खाते, आणि खाल्लेलं परत येत नाही.

परिणाम खिडकीसमोरच्या फोटोत मोजला: तोच प्रकाश, तीच फिल्म, ९० च्या तुलनेत १२७ च्या सावल्या करड्या. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या मागे उजेड असताना ही लेन्स नको. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी उजेड असेल तर फरक ओळखू येत नाही.

९ फेब्रुवारी

चेहऱ्यासाठी १२७ की १८०. तिन्ही लेन्सने एकच चौकट, आडवी, ५० सेंटिमीटर उंचीची, डोकं आणि खांदे. त्यासाठी लेन्स चेहऱ्यापासून ९० ला सुमारे ०.९ मीटर, १२७ ला १.२५ मीटर, १८० ला १.८ मीटर ठेवावी लागली. ९० मध्ये नाक आणि हनुवटी पुढे येते, कान मागे पळतात. १२७ मध्ये चेहरा ठीक, पण कॅमेऱ्याचा एवढा मोठा ठोकळा सव्वा मीटरवर आला की समोरचा माणूस ताठ होतो. १८० ला माणूस मोकळा बसतो आणि चेहऱ्याची प्रमाणं खरी येतात.

बेलोज बाहेर आला की प्रकाश कमी पडतो, हे पहिल्या दोन फोटोंत विसरलं गेलं. या चौकटीला तिन्ही लेन्सना वाढ सारखीच, १/३ स्टॉपच्या किंचित आत, कारण वाढ प्रतिमेच्या प्रमाणावर ठरते, लेन्सवर नाही. पूर्ण ४६ मिमी बेलोज काढला तर मात्र हिशोब वेगवेगळा: १८० ला २/३ स्टॉप, १२७ ला जवळजवळ १, ९० ला १.२, ५० ला १.९. कॅमेऱ्याच्या बाजूला ही पट्टी छापलेली आहे, ती बघायची सवय लावायची.

फोकसची खोलीही या चौकटीला सारखीच: एफ/४.५ ला ४ सेंटिमीटर, एफ/८ ला ७. एफ/४.५ वर डोळा धारदार आणि कान गेलेला. फ्लॅशसोबत एफ/८ ते एफ/११ ठरवलं.

१८० ठेवली. १२७ चांगली असती तरी ठेवली नसती, ९० आणि १८० च्या मध्ये तिला काम उरत नाही.

१ मार्च

५० मिमी एफ/४.५ सी, २१,००० रुपये. शटर दहाच्या दहा नोंदींत ठीक. दुसरी बॅक ७,५०० रुपये, आणि ही बॅक चुकली.

ती पहिल्या ‘प्रोफेशनल’ मॉडेलची, प्रो-एस नव्हे. बसते बरोबर, फिल्म चालते, पण प्रो-एसचं अडवणारं कुलूप तिच्यात नाही. फिल्म पुढे न नेता शटर चालतं. दोन चौकटींवर दोन-दोन फोटो एकावर एक. आरबीमध्ये शटर कॉक करणं आणि फिल्म पुढे नेणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यामुळे हे कुलूप हवंच. बॅकवर ‘प्रो-एस’ लिहिलंय का हे फोटो मागवून बघा. बरोबरची बॅक ९,००० ला मिळाली, जुनी ५,००० ला विकली.

१५ मार्च

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, अष्टकोनी, आत उतरणारा जिना, कमानी आणि वर मोटांच्या जागा. ५० आणि ९० ची इथे परीक्षा, फिल्म इल्फर्डची एफपी४ प्लस.

स्पॉट मीटरवर, म्हणजे छोट्याशा भागाचा उजेड मोजणाऱ्या मीटरवर, जिन्याच्या सावलीतला दगड आणि वरचं ऊन यांत ७ स्टॉपचा फरक. सावली मीटरपेक्षा दोन स्टॉप खाली ठेवली, एफ/१६ ला ८ सेकंद निघाले. एफपी४ ला लांब वेळात वाढ लागते: इल्फर्डच्या सूत्राने मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात. ४ सेकंदांचे ५.७, ८ चे १४, १५ चे ३०. हे तीन आकडे कागदावर लिहून मीटरला चिकटवले आहेत.

आरबीत ‘बी’ (बटण दाबून ठेवलं तेवढाच वेळ शटर उघडं) नाही, ‘टी’ आहे. शटर उघडं राहतं आणि बंद करायला लेन्सवरचा खटका हाताने सरकवावा लागतो, त्यात कॅमेरा हलतो. म्हणून वेळ संपताना आधी काळा पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा, मग खटका. पुठ्ठा लेन्सला टेकवायचा नाही.

आरसा आधीच वर करायचा तर लेन्सवरची कळ लावून केबल लेन्समध्ये बसवायची: बॉडीचं बटण आरसा उचलतं, केबल शटर उघडते. दोन फोटो यात गेले. कळ लावलेली राहिली, फक्त बॉडीचं बटण दाबलं, आरसा वर गेला, आवाजही आला, शटर उघडलंच नाही. फोटो झाला समजून फिल्म पुढे नेली.

तिसरी चूक ५० ची. या लेन्सवर पुढे एक वेगळी रिंग आहे, आतल्या भिंगांचं अंतर बदलणारी. बेलोजने फोकस केल्यावर अंतर वाचून ही रिंगही तिथे आणावी लागते. दीड मीटरवरच्या कोरीव दगडाच्या तीन फोटोंत ती अनंतावरच राहिली. मध्यभाग धारदार, चारही कोपरे चिखल. आता क्रम ठरवला आहे आणि तो मोठ्याने म्हणतो: फोकस, रिंग, अ‍ॅपर्चर, आरसा, स्लाइड, केबल.

ट्रायपॉडचं बॉल हेड इथे निकामी ठरलं. पावणेतीन किलोच्या वजनाने घट्ट केल्यावरही ते मिलिमीटरभर खाली बसतं. तीन दांड्यांचं जुनं पॅन-टिल्ट हेड जास्त भरवशाचं.

२३ मार्च

धुणं: डी-७६ डेव्हलपर, १ + १ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांना नेहमीचे ११ मिनिटं. विहिरीचे रोल ९ मिनिटं, उन्हाचा भाग आटोक्यात राहावा म्हणून. पॅटरसन टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली लागतं. नळाचं पाणी २८ अंश होतं. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, बर्फाची पिशवी बाहेरच्या बादलीत, आणि धुण्याचं शेवटचं पाणीही २४ च्या आत. एका रोलला थंड फिक्सरनंतर थेट नळाखाली धरलं आणि जिलेटिनवर बारीक सुरकुत्या आल्या.

बेलोज, बॅक, कुठेही गळती नाही. सात रोल तपासले.

१३ एप्रिल

खर्च. बॉडी, बॅक, ९० करासकट ५७,७००. सर्व्हिस ३,५००. १८० चे १४,०००, ५० चे २१,०००. १२७ घेतली ६,५०० ला, दोष सांगून विकली ४,५०० ला. बॅकचे दोन्ही व्यवहार धरून ११,५००. चाचणीचे सहा रोल ३,९००. फोम, डायोड, रंग, अल्कोहोल, स्पॅनर २,१५०. एकूण १,१५,७५०, विहिरीची फिल्म सोडून.

यातले चुकीच्या बॅकचे २,५०० आणि १२७ चे २,००० टाळता आले असते. वेळ जास्त गेला: फोम दोनदा लावण्यात नऊ तास, बेलोज दोनदा दुरुस्त करण्यात आठवडा. पुन्हा संच जमवायचा झाला तर क्रम असा: पुठ्ठा, एक लेन्स, दोन योग्य बॅक, डायोड, आणि मगच पुढची लेन्स.

८ जून

पाऊस सुरू. खोलीत आर्द्रता ८४ टक्के. लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवायच्या नाहीत, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथेच सुरू होते. हवाबंद झाकणाचा २० लिटरचा डबा, ५०० ग्रॅम निळं सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. पहिल्या दिवशी काटा २६ वर गेला. तेही वाईट, इतक्या कोरड्या हवेत बेलोजचं कापड ताठ होतं आणि वंगण सुकतं. जेल निम्मं केलं, आता ४४. गुलाबी झालेलं जेल कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत परतायचं, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालायचं. जेवणाची कढई वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतो.

बेलोज डब्यात दोन सेंटिमीटर उघडा ठेवला आहे. तिन्ही लेन्स दर रविवारी सगळ्या वेगांवर एकदा चालवायच्या. आज ९० च्या १ सेकंदाची नोंद १.०५.